११२ जणांना विचारलं, मॅडम

"मॅडम, लिंक्डइनवर माणसं खरी असतात ना?"

पर्स मांडीवरून खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं. वय एकोणचाळीस, घर डोंबिवलीत, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, मायक्रो लॅबमध्ये आठ वर्षं नोकरी केलेली. २०१७ मध्ये दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी राजीनामा दिला, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, मग कोविड. आता धाकटा तिसरीत गेलाय आणि तिला परत कामावर जायचंय. दीड महिन्यात तिने ११२ जणांना रिक्वेस्ट पाठवल्या होत्या आणि उत्तर म्हणावं असं एकही आलं नव्हतं.

"माझा गॅप बघूनच लोक पुढे जात असणार," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की घरी हे वाक्य बऱ्याचदा म्हणून झालं असावं.

नोकरीत मध्येच थांबलेल्या आणि परत निघू पाहणाऱ्या लोकांशी बोलणं हेच माझं काम. "तिथे कुणी उत्तरच देत नाही" ही तक्रार हल्ली दर आठवड्याला ऐकते. फ्रेशरकडून ऐकते, पन्नाशीतल्या मॅनेजरकडूनही. तिची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मी म्हटलं, फोन उघडा, आपण बघू या.

११२ पैकी ३४ जणांनी रिक्वेस्ट स्वीकारली होती. बहुतेक एचआरवाले आणि प्लेसमेंट कन्सल्टंट. सगळ्यांना एकच मजकूर: "रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय ॲम लुकिंग फॉर अ सुटेबल अपॉर्च्युनिटी, काइंडली डू द नीडफुल." 'सर/मॅडम'मधली तिरकी रेघसुद्धा तशीच. म्हणजे समोर पुरुष आहे की बाई, हे पाहण्याइतकाही वेळ दिलेला नव्हता. चौघांनी काहीतरी लिहिलं होतं. दोघांनी 'सीव्ही पाठवा' म्हटलं आणि ते गप्प झाले. एकाने हमखास नोकरीचा कोर्स विकायला काढला होता, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणून. चौथ्याचं "हाय डिअर, नाइस डीपी."

शेवटच्या दोघांचं आधीच उरकते. नोकरी द्यायला पैसे मागणारा नोकरी देणारा नसतो, त्यावर चर्चा नको. आणि 'डिअर'वाल्याला सभ्यपणे 'थँक यू सर' लिहायचीही गरज नाही. तिने लिहिलं होतं. ब्लॉक आणि रिपोर्ट. बायकांना हे दोनदा सांगावं लागतं, कारण आपल्याला उत्तर न देण्याची सवय लावलेलीच नसते.

मग मी तिला विचारलं, "या ११२ जणांत तुमचा चेहरा ओळखेल असा कोण आहे?"

तिने वरपासून खालपर्यंत यादी सरकवली. कुणीच नव्हतं. आठ वर्षं जिथे काम केलं तिथला एकही माणूस नाही. मला वाटलं होतं दोन-चार तरी असतील.

"त्यांना कसं विचारणार? त्यांना वाटेल, आठ वर्षं आठवण नाही आली आणि आता गरज लागल्यावर आली."

त्या दिवशीचं खरं बोलणं इथून सुरू झालं. तिचे वडील चिपळूणजवळच्या एका शाळेत मास्तर. घरात दोन वाक्यं कायम: कुणापुढे हात पसरायचा नाही, आणि आपल्याला वशिला नको. पहिली नोकरीही तिने पेपरातली जाहिरात बघून, वॉक-इनला रांगेत उभं राहून मिळवलेली. तिच्या हिशेबात ओळखीच्या माणसाला नोकरीबद्दल काहीही विचारणं म्हणजे वशिला. अनोळख्याला विचारणं चालतं, कारण तिथे लाज नाही.

मला तेव्हा लक्षात आलं की ११२ हा आकडा मेहनतीचा नव्हताच. तो आडोसा होता. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की कुणा एकाला विचारल्यासारखं होत नाही, आणि मग कुणा एकाने नाही म्हटल्यासारखंही होत नाही. मी हे तिला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ती थोडी दुखावली. मग म्हणाली, "खरं आहे. पाठवून झालं की मी फोन पालथा ठेवायचे."

आता माझी चूक. पहिल्या भेटीतच मी उत्साहाने तिला एक छान इंग्रजी मजकूर लिहून दिला, त्यात 'तुमच्या प्रवासाने मी प्रभावित झाले आहे' छापाची वाक्यं होती. तिने तो दहा जणांना पाठवला, एकानेही उत्तर दिलं नाही. का देतील? तो आवाज माझा होता, तोही माझा सर्वांत वाईट आवाज. मायक्रो लॅबमध्ये आठ वर्षं प्लेटांवरचे जंतू मोजलेली बाई असं बोलत नाही, आणि ज्यांना रोज असे पन्नास मेसेज येतात त्यांना ते दुसऱ्या ओळीत कळतं.

दुसऱ्या भेटीत आम्ही फोन बाजूला ठेवून कागद घेतला. "२००९ ते २०१७ तुमच्या शेजारी कोण उभं राहायचं?" तिने आधी सात नावं लिहिली. मग मी विचारत गेले. ऑटोक्लेव्हच्या व्हॅलिडेशनला बाहेरून कोण यायचं? ऑडिटच्या आठवड्यात क्यूएमधून, म्हणजे गुणवत्तेवर देखरेख करणाऱ्या खात्यातून, कोण डोकं खायला यायचं? मीडिया रूममध्ये, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य बनवतात तिथे, कोण होतं? डिहायड्रेटेड मीडियाचे डबे विकायला कोण यायचं? या शेवटच्या प्रश्नावर ती हसली. "ते सर? ते सगळ्या लॅबमध्ये फिरतात." मग नेमके तेच! कुठल्या लॅबमध्ये नवा इन्क्युबेटर आला, कुठली दोन माणसं सोडून गेली, हे त्या माणसाला एचआरच्या आधी कळतं. यादी तेवीसवर गेली.

तिचा प्रश्न रास्त होता: जवळच्या मैत्रिणींना का नाही सांगायचं? सांगायचंच की. पण जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली 'दुबळ्या धाग्यांचं बळ' या अर्थाचा एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे शंभरात सतराच्या आसपास होते. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात खुद्द लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा, पाच वर्षांचा प्रयोग छापून आला. त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती मध्यम दुबळी ओळख. अगदी घट्ट नाही आणि अगदीच परकीही नाही. म्हणजे एखाद-दुसरा समाईक परिचित नव्हे, दहाच्या आसपास असलेला माणूस. जुन्या लॅबमधले लोक बरोब्बर त्या पट्ट्यात बसतात. हे ऐकून तिला बरं वाटलं, कारण हे कुणी मास्तरीण सांगत नव्हती, आकडे सांगत होते. एमएस्सीवाल्यांचं तसंच असतं.

प्रोफाइलवर फार वेळ घालवला नाही. नावाखालची 'सीकिंग अपॉर्च्युनिटीज' ही ओळ काढली आणि लिहिलं: क्यूसी मायक्रोबायोलॉजिस्ट, स्टेरिलिटी, एंडोटॉक्सिन, एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग, ८ वर्षं. हे मॉनिटरिंग, म्हणजेच ईएम, म्हणजे औषध बनतं तिथल्या हवेतले आणि पृष्ठभागांवरचे जंतू तपासत राहणं. गॅप लपवला नाही. २०१७ ते आजपर्यंत, घरची जबाबदारी, बस. फोटोभोवतीची ती हिरवी 'ओपन टु वर्क' पट्टी तिला नको होती, सोसायटीतल्या लोकांना दिसेल म्हणून. ठीक आहे, ती फक्त रिक्रूटर मंडळींना कळेल अशीही ठेवता येते. तशी ठेवली.

यादीतलं पहिलं नाव मात्र अडलं. तो तिचा ज्युनिअर. आता दुसऱ्या कंपनीत मायक्रोचा मॅनेजर.

"अहो, तो माझ्या हाताखाली हवेतले जंतू पकडणाऱ्या सेटल प्लेट मोजायला शिकला. त्याला मी नोकरी मागू?"

"नोकरी मागू नका. त्याला जे माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही, ते विचारा."

आणि असं खरंच खूप होतं. ती बाहेर असताना निर्जंतुक औषधांसाठीचं युरोपचं 'ॲनेक्स १' हे नियमपत्र नव्याने लिहिलं गेलं. ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालं आणि वर्षभराने लागू झालं. त्यात 'कंटॅमिनेशन कंट्रोल स्ट्रॅटेजी' नावाचा, सबंध कारखान्यात दूषण कसं रोखायचं याचा लेखी आराखडा ठेवायला सांगितलाय. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित 'शेड्यूल एम', म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे नियम, आलं आणि लहान कारखान्यांनाही लॅब सुधारणं भाग पडलं. मला यातलं काही माहीत नव्हतं, तिनेच घरी वाचून मला समजावलं. समजावताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. मी म्हटलं, हेच लिहा. मला सांगताय तसं, मराठीतच लिहा. तो सोलापूरचा, तुम्ही कोकणातल्या, मध्ये इंग्रजी कशाला?

फुकटच्या खात्यावरून रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडायची तर महिन्याला मोजक्याच मिळतात, आणि जागा सुमारे २०० अक्षरांची. त्यामुळे चिठ्ठीत ओळख तेवढी द्यायची आणि प्रश्न रिक्वेस्ट स्वीकारल्यावर. तिची चिठ्ठी: "नमस्कार, ओळखलंत का? २०१४ च्या ऑडिटला रात्री दोनपर्यंत आपण लॉगबुकं लावत बसलो होतो. मी परत कामाला लागायचा विचार करतेय. तुमची प्रगती बघून बरं वाटलं." यातलं शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

त्याने दोन दिवसांत रिक्वेस्ट स्वीकारली. मग तिने लिहिलं: "एकच विचारते. नव्या ॲनेक्स १ नंतर तुमच्या ईएमच्या कामात रोजचं असं काय बदललं? मी वाचलंय, पण हातात घेतलेलं नाही. सवडीने सांगा, घाई नाही."

आणि मग नऊ दिवस काहीच नाही.

या नऊ दिवसांत मला तिचे चार फोन आले. मेसेज पुसून टाकू का? पुन्हा लिहू का? त्याने वाचलाय असं दिसतंय, मग? दरम्यान तिने घाबरून इतर पाच जणांना पाठवलेल्या रिक्वेस्ट मागे घेऊन टाकल्या. मागे घेतली की त्याच माणसाला साधारण तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही, हे तिला नंतर कळलं. समुपदेशनात मजकुराला अर्धा तास लागतो, वाट बघण्याला दीड महिना. मी तिला एवढंच म्हटलं की तुमचा मेसेज म्हणजे त्याच्या दिवसातलं पंधरावं काम, आणि पहिली चौदा कामं तुम्हाला चांगली माहीत आहेत. दहा-बारा दिवसांनी एकदाच, एका ओळीत आठवण करायची, त्यानंतर नाही.

आठवण करावीच लागली नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून त्याने सहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. सुरुवातच "मॅडम, सॉरी, ऑडिट होतं" अशी. तो अजून मॅडम म्हणतोय यावरच तिचे डोळे भरून आले, पुढचं तिने दुसऱ्यांदा ऐकलं. रीडिंग आता वहीत नाही, थेट लिम्समध्ये, म्हणजे लॅबच्या संगणक प्रणालीत. प्रत्येक नोंदीला कुणी, केव्हा, का, याचा माग राहतो. ऑडिटर आधी आराखडा मागतो, आणि प्लेट कुठे ठेवली यापेक्षा तिथेच का ठेवली हे विचारतो. शेवटी त्याने आपण होऊन विचारलं, "तुम्ही खरंच परत येताय का? आमच्याकडे आत्ता जागा नाही. पण मीडियावाल्या सरांना विचारा, ते सांगतील."

म्हणजे पुन्हा तेच सर!

त्यांचं प्रोफाइल होतं, पण तीन वर्षांत त्यांनी तिथे काही हलवलेलं दिसत नव्हतं. तिने ज्युनिअरकडून त्यांचा नंबर घेतला, त्यांना विचारून मगच दे असं सांगून, आणि सरळ फोन केला. तरुण मुलांना मी हे नेहमी सांगते: साइट हा दरवाजा आहे, माणूस आत चहा पीत बसलेला असू शकतो. सरांनी रबाळ्याच्या एका काँट्रॅक्ट टेस्टिंग लॅबचं नाव दिलं. तिथल्या टेक्निकल हेडला तिने लिंक्डइनवर गाठलं, पहिल्या ओळीत सरांचं नाव घालून. या वेळी मजकूर मला दाखवलाही नाही. नंतर दाखवला तेव्हा त्यात एक स्पेलिंग चुकलेलं होतं. मी काही बोलले नाही.

मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या. निकाल यायचाय. पण मध्येच नवीन गाठ पडली. पडताळणीसाठी जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर हवं. ते तिने घेतलंच नव्हतं. ती कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, एचआरला पाठवलेली मेल परत आली. तिची नोकरी लेखी सांगू शकेल असा एकच माणूस उरला: तेव्हाचे लॅब हेड. राजीनामा देताना ज्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "या मुलींना शिकवून काय उपयोग." तेवीस नावांच्या यादीत ते नव्हते. मी विचारलंच नव्हतं आणि तिने लिहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, दुसरी वाट शोधू, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक चालतं का ते लॅबला विचारू. ती म्हणाली, विचारते. आणि त्या रात्री तिने त्यांनाच लिहिलं. चार ओळी, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, काय हवंय ते.

काल सकाळी तिचा फोन आला. "उत्तर आलंय, मॅडम. 'हो, देतो. कुठली लॅब?' एवढंच."

"मग?"

"कुठली लॅब ते सांगू का?"