बाळ गमावलेल्या आईवडिलांना टीव्ही मालिका नेहमी भ्रमिष्ट किंवा कपटी का दाखवतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. बाळ दगावल्यावर मालिकांमधली आई एक तर वेडी होते किंवा दुसऱ्याचे मूल पळवते, ते खरोखर तसे असते का, ही पहिली. आणि आपल्या बहिणीचे बाळ दोन महिन्यांपूर्वी गेलेले असताना घरात संध्याकाळी मालिका चालू ठेवाव्यात की नाहीत, ही दुसरी. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करतो. २०१२ साली आमची पहिली मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मी रात्रीचे जेवण आईच्या टीव्हीसमोर बसून केले आहे. माझा अधिकार तेवढाच.

मालिकांमधला प्रसंग बहुधा ठरलेला असतो. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर येतात, "आईला वाचवलं, पण बाळाला..." एवढे अर्धे वाक्य बोलतात आणि कॅमेरा सासू, नवरा आणि जाऊबाई यांच्या चेहऱ्यांवरून तीन-तीनदा फिरतो. आई त्या वेळी बेशुद्ध असते, म्हणजे जे काही घडले ते तिच्या अपरोक्ष घडलेले असते. पोटातल्या बाळाचे ठोके थांबल्यावर पुढे काय करतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, आणि मालिका पाहून ते कोणालाही कळणार नाही. अशा वेळी शक्यतो ऑपरेशन करत नाहीत. औषध देऊन कळा आणतात आणि नेहमीसारखे बाळंतपण होऊ देतात, कारण आईच्या प्रकृतीला आणि पुढच्या गरोदरपणाला त्यात धोका कमी असतो. त्याला कित्येक तास लागतात, कधी दोन दिवसही जातात. माझ्या पत्नीला सोनोग्राफीच्या खोलीत सकाळी अकरा वाजता कळले आणि मुलगी जन्मली दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. मधले अठरा तास तिने पूर्ण शुद्धीत कळा सोसल्या. दरम्यान पडद्यापलीकडच्या खाटेवरची बाई बाळंत झाली आणि तिच्याकडचे पेढे वाटत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आमच्यापर्यंत आला. त्याला काय माहीत असणार? मी एक पेढा घेतला.

तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरले. याची कल्पना आम्हाला कोणीच दिलेली नव्हती. वार पडली की शरीर दुधाच्या तयारीला लागते. बाळ जिवंत आहे की नाही, हे त्याला कळत नाही. पहिल्या दिवसातच गोळी दिली तर दूध येणे बहुतेक वेळा थांबवता येते, हे मला पुढे एका डॉक्टर मित्राकडून समजले, पण ज्या रुग्णालयात आम्ही होतो तिथे तो विषय निघालाच नाही. तिची छाती दगडासारखी झाली, ताप चढला, आणि शेवटी माझ्या आत्याने बाजारातून मोगऱ्याचे गजरे आणून, जुन्या रिवाजाप्रमाणे, फुले छातीवर बांधली. तेव्हापासून आमच्या घरात मोगरा येत नाही. चार-पाच वर्षांनी एकदा आई एक मालिका पाहत होती. कालच्या भागात जिचे बाळ गेले ती नायिका आजच्या भागात काठापदराची साडी नेसून जिन्यावर उभी होती आणि जावेला जाब विचारत होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता पत्नी एवढेच म्हणाली, "हिचं दूध कुठं गेलं?" आईने न बोलता टीव्हीचा आवाज कमी केला.

आता आपल्या मुख्य शंकेविषयी. प्रसूतीनंतर वेड लागल्यासारखी अवस्था होते, हे खोटे नाही. पण तो आजार हजार बाळंतिणींमागे एखाद-दुसरीला होतो, ज्यांची मुले धडधाकट आहेत त्यांनाही होतो, आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. मूल गेल्याच्या दुःखाचे ते दुसरे नाव नव्हे. मालिका या दोन्हींची सरमिसळ करतात, आणि मग दुःख दाखवायचे म्हणजे बाहुलीला बाळ समजून जोजवणारी बाई दाखवायची, असा ठरावीक साचा तयार होतो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या "ईस्टएंडर्स" या १९८५ पासून चालू असलेल्या मालिकेत २०१० सालाच्या अखेरच्या रात्री रॉनी नावाच्या स्त्रीचे तान्हे मूल झोपेतच दगावते, आणि ती शेजारच्या कॅटचे बाळ उचलून त्याच्या जागी आपले गेलेले बाळ ठेवते. त्यावर हजारो प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, बीबीसीला ते कथानक ठरल्यापेक्षा लवकर गुंडाळावे लागले आणि एप्रिल २०११ मध्ये ते बाळ आपल्या खऱ्या आईकडे परत गेले. ज्यांनी स्वतः मूल गमावले होते अशा आईबापांचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. मूल गेलेल्या बाईपासून इतरांनी आपली मुले जपावीत, असा त्या गोष्टीचा अर्थ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे तर हा अर्थ आधीपासूनच मुरलेला आहे. त्या वर्षी आमच्या गल्लीत तीन बारशी झाली आणि एकाही घरून माझ्या पत्नीला बोलावणे आले नाही. कोणी वाईट बोलले असेही नाही, नुसते वगळले. मूल बदलणाऱ्या, पाळण्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका रोज रात्री पाहणाऱ्या घरांनी तसे वागावे, यात नवल नाही.

असे का लिहितात, याचे कारण मला धंद्याच्या रचनेत दिसते. आठवड्यातून सहा दिवस, वीस-बावीस मिनिटांचा भाग, दर गुरुवारी येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे. दुःखी माणूस काहीच करत नाही; तो ताटावर बसतो आणि उठतो, पंख्याकडे पाहत पडून राहतो. त्याच्या जोरावर पुढचा भाग लिहिता येत नाही. पण दुःखी बाईच्या हातात कट दिला, तिच्यासमोर शत्रू उभा केला किंवा गेलेले बाळ खरे तर जिवंतच आहे असा धागा सोडला, की दोनशे भागांची सोय होते. नाहीतर सरळ लीप घ्यायचा आणि सात वर्षांनी कुरळ्या केसांची मुलगी अंगणात धावताना दाखवायची. या शेवटच्या युक्तीचा मला सर्वांत जास्त राग येतो. ज्या आईबापांनी आपल्या हाताने खड्ड्यात मीठ टाकले आहे त्यांना "कदाचित बदलले असेल" हा विचार किती छळतो, याची कल्पना लिहिणाऱ्याला नसावी.

तरीही चांगले लिहिता येते, हे ब्रिटनमध्येच दिसले. "कोरोनेशन स्ट्रीट" मध्ये जानेवारी २०१७ मध्ये मिशेल या पात्राचे बाळ तेविसाव्या आठवड्यात जाते. ती भूमिका करणाऱ्या किम मार्श यांनी २००९ साली स्वतःचा मुलगा असाच अठरा आठवडे आधी जन्मून गमावला होता. तिथे बाळंतपण दाखवले, बाळाला हातात घेणे दाखवले, बापाचे अवघडलेपण दाखवले, कटकारस्थान नव्हते. तेवीस हा आकडाही महत्त्वाचा होता, कारण तिकडच्या कायद्यात चोवीस आठवड्यांपूर्वी मृत जन्मलेल्या बाळाची नोंदच होत नाही. अशा आईबापांना मागितल्यास प्रमाणपत्र देण्याची सोय इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत जन्माची नोंद वेगळ्या नमुन्यात होते. तो नमुना मी भरला आहे. त्यात गर्भारपणाचे आठवडे लिहायचे असतात, कारण लिहायचे असते, आईबापांची नावे असतात. बाळाच्या नावाला रकाना नाही. आम्ही नाव ठरवलेले होते. एखाद्या मराठी मालिकेने नगरपालिकेच्या खिडकीपाशी तो कागद भरणारा बाप एकदा दाखवावा; संवादाची गरज पडणार नाही.

बापाचे म्हणाल, तर मालिकेत तो खांबाला टेकून उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो. यातला दुसरा भाग दुर्दैवाने खरा आहे. मी पाचव्या दिवशी कारखान्यात हजर झालो, कारण गळीत हंगाम चालू होता. केंद्र सरकारने २०२२ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी साठ दिवसांची खास रजा मंजूर केली, पण बापाच्या दुःखाची कोणी रजा मोजत नाही. पुरुष बोलत नाहीत म्हणून लिहिता येत नाही, ही सबब मात्र चालणार नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९२६ मध्ये आपला मुलगा राजरत्न गेल्यावर आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण व आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे ढोंग करण्यात अर्थ नाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने कळवले आणि तीन मुलगे व एक मुलगी अशी चार मुले पुरल्याचेही लिहिले. ज्या समाजात असा बाप होऊन गेला, त्या समाजाच्या मालिकांना बापासाठी एक खांब पुरतो.

मालिकांतली सासू "पांढऱ्या पायाची" म्हणून कडाडते. आमच्या घरी कोणी आवाज चढवला नाही; उलट इतकी शांतता होती की "बाळ" हा शब्दच बोलण्यातून गेला. "तोंड बघू नको गं, माया लागंल," असे सांगून आत्याने पत्नीला मुलीचे तोंड पाहू दिले नाही, आणि ते प्रेमापोटीच होते. मी पाहिले. इतक्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. तेरावे नाही, सुतकाबद्दलही घरात एकमत नव्हते. मी, माझा मेहुणा आणि एक म्हातारे गडी असे तिघे कृष्णाकाठी जाऊन आलो. सहाव्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद ठेवतात, ती रात्र आम्ही जागेच होतो. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली छोटी वाकळ ट्रंकेत तळाशी ठेवली. मुलगा झाला तेव्हा त्याच्यासाठी तिने नवी शिवली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ साली भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृत जन्म झाले, म्हणजे दर दिवशी नऊशेहून अधिक घरांत अशी एखादी ट्रंक. त्यातली किती घरे रात्री मालिका पाहत असतील, याचा हिशेब वाहिन्यांनी करायला हरकत नाही.

राहिला आपल्या घरातल्या टीव्हीचा प्रश्न. तो एकाएकी बंद करू नये, असे मला वाटते. बहीण खोलीत आली की घाईने वाहिनी बदलणे तिला नक्की कळते आणि ते जास्त बोचते. आमच्याकडे माझ्या बहिणीने रिमोट पत्नीच्या हाती दिला आणि "काय लावू?" असे विचारणे थांबवले. काही दिवस पत्नीने क्रिकेट पाहिले, ज्यातले तिला काही कळत नव्हते. मालिकेत तसा प्रसंग आलाच तर सारवासारव न करता "हे खोटं दाखवतात ना?" एवढे विचारून पाहा, कदाचित ती बोलेल, कदाचित उठून जाईल. दोन महिने फार थोडे आहेत. पण ती अनेक रात्री झोपलीच नाही, तिला आवाज ऐकू येऊ लागले किंवा स्वतःला इजा करण्याचे बोलणे निघाले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि बाळाचे नाव ठरलेले होते का, हे आपल्याला ठाऊक नसेल, तर ते तिला विचारा.