विद्यापीठातील शिष्यवृत्ती, संशोधन आणि भरतीच्या बातम्या मुदत संपण्यापूर्वी कशा कळतील?

तुम्ही लिहिले आहे की, राधानगरी तालुक्यातून रोज एस.टी.ने ये-जा करून तुम्ही शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकता, आणि शिष्यवृत्ती, संशोधन स्पर्धा किंवा उन्हाळी प्रशिक्षण यांची माहिती नेहमी मुदत टळून गेल्यावरच कानावर येते. तुमची थोरली बहीण एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि तिचीही हीच तक्रार आहे. मी एका संलग्न महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल बराच काळ सांभाळले आहे. त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने हा प्रश्न कसा दिसतो, ते सविस्तर लिहितो.

प्रथम बातमी तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येते ते पाहा. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, त्यामुळे एखाद्या विभागातून निघालेले परिपत्रक आधी संकेतस्थळावर चढते आणि ई-मेलने महाविद्यालयांकडे व परिसरातील अधिविभागांकडे जाते. तेथे ते आवक नोंदवहीत नोंदले जाते, प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या टेबलावर जाते, त्यावर ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असा शेरा पडतो, मग ते शिपायाच्या हातून संबंधित टेबलावर येते आणि शेवटी सूचना फलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचते. यातील प्रत्येक टप्पा एक-दोन दिवस घेतो. मध्ये परीक्षा, समितीची भेट किंवा जोडून आलेल्या सुट्ट्या असल्या तर आठवडा सहज जातो. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही, पण फलकापाशी बातमीची वाट पाहणारा विद्यार्थी या साखळीच्या अगदी शेवटी उभा असतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, ठरावीक वाराला, समजा दर सोमवारी आणि गुरुवारी एस.टी.त बसल्यावर, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील परिपत्रकांचे पान स्वतः उघडून पाहावे. विद्यार्थी विकास विभाग, राष्ट्रीय सेवा योजना, प्लेसमेंट कक्ष, पीएच.डी. विभाग आणि परीक्षा विभाग यांच्या सूचना वेगवेगळ्या जागी येतात, हेही ध्यानात ठेवावे.

परिपत्रक वाचण्याची एक पद्धत आहे आणि ती कोणी शिकवत नाही. वर जावक क्रमांक व दिनांक असतो, खाली ‘प्रति’मध्ये ते कोणाला उद्देशून आहे ते लिहिलेले असते, मग विषय आणि संदर्भ. विद्यार्थी बहुधा विषय वाचून थांबतात. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात असते, कारण तेथे बहुतेक वेळा दोन तारखा दिलेल्या असतात: एक विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची आणि दुसरी महाविद्यालयाने किंवा अधिविभागाने तो तपासून पुढे पाठविण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशात पुष्कळदा दुसरीच तारीख येते. त्या तारखेच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला टेबलावरचा माणूस इच्छा असूनही मदत करू शकत नाही, कारण त्याला शेकडो अर्ज तपासून त्याच दिवशी पुढे पाठवायचे असतात. तेव्हा संदेशावर विसंबू नका, मूळ पीडीएफ उघडा आणि सोबतची सहपत्रेही वाचा; अर्जाचा नमुना आणि पात्रतेच्या अटी तेथेच असतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. माझ्या टेबलावर ज्यांची संधी हुकली, त्यांच्यातील बहुतेकांना बातमी कळलेली होती. त्यांच्याकडे कागद तयार नव्हते. जाहिरात आल्यावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू झाली, तर तलाठ्याचा अहवाल, सेवा केंद्रातील नोंदणी आणि तहसील कार्यालयाची मंजुरी यांतच मुदत संपते. उत्पन्नाचा दाखला सामान्यतः ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असतो, म्हणून नवा दाखला एप्रिल-मे महिन्यांतच काढून ठेवावा. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, हे सर्व स्वच्छ स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि ई-मेलवर, दोन्हीकडे ठेवावे. जात पडताळणीला महिने लागू शकतात. ते काम प्रवेशाच्या हंगामावर ढकलू नये.

यातही दोन गोष्टी मी प्रत्येकाला मुद्दाम विचारत असे. पहिली म्हणजे आधार कार्डावरील नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव तंतोतंत जुळते का? एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, कुठे वडिलांचे नावच नाही, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, अशा फरकामुळे अर्ज अडतो. आधारवरील दुरुस्ती तुलनेने सोपी असते, त्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्यावेत. दुसरी गोष्ट बँक खात्याची. आपल्याकडे घरोघरी दूध बिलासाठी एक खाते, उसाच्या बिलासाठी दुसरे आणि मुलाच्या नावाने तिसरे असते. शासनाची रक्कम थेट जमा होते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि अशा जमेसाठी एका वेळी एकाच बँकेची जोडणी चालू असते. नवे खाते उघडताना फॉर्मवर सही केली की जोडणी नकळत तिकडे सरकते. मग मुलगा एका पासबुकात पैसे शोधत राहतो आणि ते दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. ती आजच पाहून घ्या.

राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरून पोचपावती काढली की काम झाले, असा समज फार आहे. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि त्यानंतर संबंधित विभागाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली तर तो तुमच्याच खात्यात परत येतो. विद्यार्थी पुन्हा लॉगिन करत नाही, पासवर्डही विसरलेला असतो, नोंदणीच्या वेळचा मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो. परत आलेले अर्ज तसेच पडून राहिलेले पाहताना मला खरोखर वाईट वाटे, कारण त्रुटी बहुतेक वेळा एखाद्या धूसर स्कॅनची असे. पंधरा दिवसांतून एकदा अर्जाची स्थिती पाहणे एवढीच काळजी पुरेशी असते.

तुम्हाला काय लागू होईल ते तुमच्या प्रवर्गावर आणि उत्पन्नावर ठरेल. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्क सवलत आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहेत. या शेवटच्या दोन योजना गावाहून ये-जा करणाऱ्याला मिळत नाहीत. पण तुम्ही उद्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहायचे ठरविले, तर कोणती लागू होते ते आधीच विचारून ठेवा आणि भाड्याचा करार पहिल्या दिवसापासून कागदावर करा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह सुरू केले ते खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात राहण्याची सोय नसते हे जाणूनच. त्या गावात केवळ कागदाअभावी एखाद्याचे शिक्षण अडावे, हे मला सहन होत नाही.

विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना जुनी आणि नावाजलेली आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात ठरावीक तास काम करून मानधन मिळते. तुम्ही रोज प्रवास करत असल्यामुळे तासांचा मेळ बसतो का ते विद्यार्थी विकास विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारा. तसेच सारथी (मराठा-कुणबी), बार्टी (अनुसूचित जाती), महाज्योती (इतर मागास वर्ग, विमुक्त व भटके) आणि टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या राज्याच्या संस्था आपापल्या घटकांतील विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण, नेट-सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षांची तयारी आणि पीएच.डी. अधिछात्रवृत्ती यांच्या जाहिराती काढतात. त्या विद्यापीठाच्या फलकावर येतीलच असे नाही, म्हणून त्यांची संकेतस्थळे वेगळी पाहावी लागतात. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असाल, तर तेथे चौकशी करणे सर्वांत सोपे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी वर्ष साधारण ठरलेले असते. गेट या अभियांत्रिकी व विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते आणि परीक्षा फेब्रुवारीत. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीचे अर्ज दिवाळीच्या आसपास येतात. निवड झाल्यास सुट्टीत दोन महिने नामवंत प्रयोगशाळेत काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने यासाठी अर्ज केलाच पाहिजे असे मी आग्रहाने सांगतो. त्याला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि ते आदल्या रात्री मागितले तर चांगले मिळत नाही. आविष्कार ही राज्यातील विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. तिचे टप्पे महाविद्यालय आणि जिल्ह्यापासून सुरू होतात, त्यामुळे विषय दिवाळीपूर्वी ठरलेला असावा.

नेट परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी होते. तुमच्यासाठी विज्ञान विषयांची सीएसआयआरची नेट अधिक जवळची. तिच्यातून संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला ४२,००० रुपये मिळतात. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत, त्यामुळे ही परीक्षा आता केवळ प्राध्यापकीपुरती राहिलेली नाही.

तुमच्या बहिणीविषयी. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे, असा बदल विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२३ मध्ये केला. ‘आता पीएच.डी.शिवाय काही नाही’ असे कोणी सांगत असेल, तर तिने खचून जाऊ नये. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी ग्राह्य असते. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी या परीक्षांना वयाची अट नाही, हे पस्तिशी उलटलेल्या अनेकांना ठाऊक नसते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे कागद: दर वर्षीचा नियुक्ती आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र, तासांचा तपशील, मानधन जमा झाल्याचे बँक विवरण आणि वर्ष संपताच घेतलेला अनुभव दाखला. प्राचार्य बदलले की जुना दाखला मिळविणे अवघड होते. मान्यतेचे पत्र महाविद्यालयाच्या कपाटात राहते आणि शिक्षकाला त्याची प्रत मिळत नाही, असे मी फार पाहिले आहे. तिने ती लेखी अर्ज देऊन मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. मुलाखतीच्या जाहिराती बहुतेक जून-जुलैत वर्तमानपत्रांत आणि महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर येतात, आणि मुलाखत अनेकदा आठवड्याभरातच असते. तिने मूळ प्रमाणपत्रे व साक्षांकित प्रतींचे दोन संच मे महिन्यातच लावून ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मालवीय मिशनचे शिक्षक प्रशिक्षण वर्ग बहुधा ऑनलाइन असतात. प्रत्येक तुकडीच्या सूचनेतील पात्रता वाचून आणि महाविद्यालयाची शिफारस घेऊन अर्ज करता येतो.

नोकरी किंवा शिष्यवृत्तीसाठी कोणी अनामत रक्कम, नोंदणी शुल्क किंवा ‘साहेबांचे काम’ म्हणून वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले, तर तेथेच थांबा. परीक्षेचे शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच भरले जाते आणि त्याची पावती निघते.

आणि कार्यालयात जायला संकोच करू नका. खेड्यातून आलेली मुले खिडकीपाशी दोनदा येऊन न विचारताच परत जातात, हे मी पाहिले आहे. सकाळी अकराच्या सुमारास, परिपत्रकाचा जावक क्रमांक कागदावर लिहून आणि मोबाइलवर पीडीएफ उघडून गेलात, तर टेबलावरच्या माणसालाही उत्तर देणे सोपे जाते. ‘फॉर्म कधी सुटतात?’ एवढाच प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा ‘फलक बघत राहा’ हेच ऐकायला मिळेल. या आठवड्यात आधार-बँक जोडणी आणि नावातील फरक तपासा. त्यात काही अडचण निघाली, तर तुमचा प्रवर्ग आणि नेमकी त्रुटी येथे लिहा, मी पुढचे सांगेन.