हँडीचा अँटेना बदलताना: उरलेला अर्धा अँटेना कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हॅम रेडिओचं लायसन्स नुकतंच हातात आलंय, बाओफेंग यूव्ही-५आर हा हँडी (हातात धरायचा सेट) आहे, कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावरून रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) छान ऐकू येतो पण उघडत नाही, म्हणजे माझ्या सिग्नलला प्रतिसाद देत नाही. आता ८ वॅटचा सेट घ्यावा की लांब अँटेना?

८ वॅटचं आधी डोक्यातून काढा. ५ वरून ८ वॅट म्हणजे जेमतेम २ डेसिबल. एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर) एक अंक चढायला ६ डेसिबल लागतात. बॅटरी तेवढी लवकर बसेल.

दुसरं, पैसे खर्च करण्याआधी मेनूत जाऊन ट्रान्समिटचा टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) आणि ६०० किलोहर्ट्झचा उणे शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) तपासा. ऐकू येतंय पण उघडत नाही, या तक्रारीत अँटेना निर्दोष आणि टोन गायब असं बरेचदा निघतं. तेही बरोबर असेल तर सेट घेऊन गच्चीवर जा आणि तोच रबर डक (सेटबरोबर येणारा आखूड रबरी अँटेना) लावून बोला. गच्चीवरून उघडला, तर अडथळा सिमेंट आणि सळयांचा आहे. घरात बसून कितीही लांब दांडी लावली तरी भिंत काही पातळ होणार नाही.

आता अँटेनाकडे. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २ मीटर, म्हणजे पाव तरंगाची दांडी ५० सेंटिमीटरच्या आसपास हवी. सेटबरोबर येणारा रबर डक वीतभर. आत तार गुंडाळून त्याला कसंबसं रेझोनन्सला (त्या फ्रिक्वेन्सीशी जुळवून) आणलेलं असतं, पण आखूडपणाची किंमत मोजावीच लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की पाव तरंगाचा अँटेना हा मुळात अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे सेटची बॉडी आणि ती धरणारा तुमचा हात, आणि २ मीटर बँडला ही जोडी फारच अपुरी पडते. ४३५ मेगाहर्ट्झला पाव तरंग १७ सेंटिमीटरच होतो, म्हणून यूएचएफवर, म्हणजे या वरच्या बँडवर, तोच रबर डक बरा वाटतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला जवळपास फुकटातला आहे: शेपटी लावा. ४९ सेंटिमीटर लवचीक इन्सुलेटेड वायर घ्या, एका टोकाला गोल लग (भोकाची धातूची चकती) क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा, तो लग अँटेनाच्या आट्यांवर चढवा आणि अँटेना सेटवर घट्ट बसवा. लग आट्यांनाच, म्हणजे बाहेरच्या भागालाच टेकला पाहिजे, मधल्या पिनला अजिबात नाही. वायर खाली मोकळी लोंबू द्या. दिसतं विचित्र, सोसायटीतले लोक विचारतात, पण काठावरचा सिग्नल यानं बरेचदा वर येतो.

विकतच घ्यायचा असेल तर ४० सेंटिमीटरचा, दोन्ही बँडचा लवचीक व्हिप (बारीक दांडीचा अँटेना) घ्या. नागोया एनए-७७१ सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. कनेक्टर बघून मागवा: बाओफेंगमध्ये पिन सेटच्या बाजूला असते, यासू कंपनीच्या सेटमध्ये अँटेनाच्या. शेपटी या व्हिपलाही लावा, फायदा होतो.

मीटरभर लांबीचा टेलिस्कोपिक अर्धतरंग अँटेना हे वेगळं प्रकरण. त्याला शेपटीची गरज जवळपास नसते, आणि गडाच्या माथ्यावर उभं राहून बोलायला तो झकास. पण एकाच बँडचा, आणि एवढी दांडी सेटच्या एसएमए कनेक्टरवर (अँटेना बसतो त्या छोट्या आट्यांच्या जोडावर) तरफेसारखी जोर लावते. उलगडलेला घेऊन चालू नका. आणि कुठलाही अँटेना असो, सेट पट्ट्याला अडकवून स्पीकर-माइकवर बोलाल तर तुमचं शरीरच सिग्नल खाणार. सेट तोंडाजवळ, उभा धरा. रिपीटर उभ्या ध्रुवणावर असतो, आडवा धरलात की बरंच हातचं जातं.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर अँटेना नुसता त्यावर लावून येणाऱ्या आकड्यावर भाळू नका. सेटची बॉडी आणि हात तिथे नाहीत, मग तो आकडा तुमच्या हातातल्या अँटेनाचा कसा?

घरातून नियमित बोलायचं असेल तर मी व्हिपवर थांबणार नाही. दूरदर्शनच्या जमान्यातली ३०० ओहमची चपटी वायर मिळाली तर तिचा स्लिम जिम (चपट्या वायरचा उभा टांगायचा अँटेना) करा. साधारण दीड मीटर लांब, गुंडाळून पिशवीत मावतो, नायलॉनच्या दोरीनं गच्चीवर किंवा खिडकीबाहेर टांगता येतो. लोखंडी ग्रिलपासून हातभर तरी लांब ठेवा, नाहीतर ट्यूनिंग सरकतं. केबल आखूड ठेवा: आरजी-५८ या नेहमीच्या रेडिओ केबलमध्ये १० मीटरला सुमारे २ डेसिबल जातात. केबल टीव्हीची आरजी-६ पडून असेल तर तीही चालेल. ती ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण तिचा लॉस आरजी-५८ पेक्षा बराच कमी असतो. तिची अ‍ॅल्युमिनियमची जाळी मात्र सोल्डर पकडत नाही. क्रिंप किंवा स्क्रूच लागेल. सेटच्या टोकाला लहानसा पातळ केबलचा तुकडा जोडा, जाड केबल थेट एसएमएवर लटकवू नका.

मोठा अँटेना लावल्यावर कधीकधी रिसेप्शन उलट बिघडतं. यूव्ही-५आरचं फ्रंट-एंड (सिग्नल प्रथम घेणारा रिसीव्हरचा भाग) साधं आहे, जवळपास एफएमचा किंवा दुसरा जोरदार ट्रान्समीटर असेल तर ते दबून जातं आणि कमजोर स्टेशनं गायब होतात. तसं झालं तर ऐकायला रबर डकच परत लावा.

टोन आणि गच्चीचं काय निघालं ते आधी कळवा, मग स्लिम जिमची मापं देतो.