वाचकांचे प्रश्न : जानेवारीचे संकल्प आणि नाशिकचे ऋतू

प्रश्न : मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. यजमानांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दर जानेवारीत मी पहाटे सहाला फिरायला जाण्याचा आणि अर्धवट राहिलेली पदवी मुक्त विद्यापीठातून पूर्ण करण्याचा संकल्प करते, आणि मार्च उजाडेपर्यंत दोन्ही बारगळतात. ऋतूंच्या चालीने कामाची आखणी करावी आणि थंडी हा विसाव्याचा काळ मानावा, असे हल्ली बरेच वाचनात येते. यात तथ्य आहे, की ही नुसती टूम आहे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तथ्य आहे, मात्र तुमच्या वाचनात आलेला ऋतुक्रम आपल्याकडचा दिसत नाही. थंडीत विसावा घेण्याची रीत जिथे डिसेंबरचा दिवस फार लहान असतो तिथली आहे. लंडनला तो आठ तासही भरत नाही. नाशिकला ऐन डिसेंबरातही सुमारे अकरा तासांचा दिवस मिळतो, आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आसपासच्या बागांत घडांच्या निगराणीची आणि पुढे काढणीची धांदल चालू असते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही हेमंत आणि शिशिर या ऋतूंत शरीरबल सर्वाधिक असते, तर ग्रीष्माच्या अखेरीस आणि वर्षा ऋतूच्या आरंभी ते सर्वांत कमी असते, असे सांगितले आहे. तेव्हा विसाव्याची सवड काढायचीच झाली, तर ती आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी काढावी. पौष महिना त्यासाठी वाया घालवू नये.

आता तुमच्या संकल्पांकडे पाहू. जानेवारीत नाशिकला सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो, म्हणजे सहाला बाहेर पडायचे ते मिट्ट काळोखात आणि कडाक्याच्या गारठ्यात. त्याच सुमारास बागेत काढणीला तोंड लागते, व्यापाऱ्यांची ये-जा सुरू होते, मजुरांच्या चहापाण्यापासून क्रेटच्या हिशेबापर्यंत सगळे घरावर येते, आणि ते निस्तरेपर्यंत कार्यालयात मार्चअखेर उभी ठाकते. घरचा आणि नोकरीचा असे दोन्ही हंगाम एकाच वेळी अंगावर येतात, त्या तोंडावर तुम्ही दोन नवी कामे हाती घेता. यात जिद्द कमी पडली, असे मला मुळीच वाटत नाही; मुहूर्त चुकला, एवढेच.

मुहूर्त कसा धरावा, हे तुमच्या यजमानांना विचारा. द्राक्षबागेला वर्षातून दोन छाटण्या लागतात. फळ येते ते ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे असते. परंतु घडाचा खरा निर्णय त्याआधीच, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, ऐन उन्हाळ्यात नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागी, होऊन गेलेला असतो. म्हणूनच अनेक बागायतदार ऑक्टोबर छाटणीपूर्वी काही काड्या तपासणीला पाठवतात. प्रयोगशाळेत एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात, आणि मग कात्री कुठे लावायची ते ठरते. डोळ्यात घडच नसेल, तर पुढे कितीही खतपाणी दिले तरी तो येत नाही. तुम्ही जानेवारीत संकल्प करता, म्हणजे काढणीच्या महिन्यात घड धरायला निघता.

तुमच्या वर्षात ही घड धरण्याची वेळ मला जून ते ऑगस्ट या काळात दिसते. वार्षिक हिशेब बऱ्यापैकी हातावेगळे झालेले असतात, लेखापरीक्षणाची सप्टेंबरची घाई अजून लांब असते, आणि बागेत काम असले तरी काढणीसारखी दमछाक नसते. मुक्त विद्यापीठाचे प्रवेशही साधारणपणे पावसाळ्यातच चालतात. संध्याकाळी पाऊस लागला की बाहेरची कामे आपसूक खोळंबतात. तो वेळ अभ्यासाला द्यावा, आणि स्वाध्यायांचा मोठा भाग गणपतीपूर्वी उरकावा. फिरणे मात्र दिवाळीनंतर सुरू करावे, तेही घड्याळ न पाहता उजाडल्यावर. जानेवारी येईतो पायांना सवय झालेली असेल. जानेवारी ते एप्रिल या काळात नवे काहीही ठरवू नये. चालू आहे ते अर्ध्यावर आले तरी चालवून घ्यावे, पण बंद पाडू नये.

एक पथ्य मात्र पाळावे. झोप, औषधे, मुलांच्या शाळेतल्या भेटी यांना ऋतू लावू नयेत. हंगाम आहे म्हणून बाकी सारे माफ, अशी सवलत आपल्या घरांत पुरुष फार सहज घेतात, आणि तिचा भार बहुधा तुमच्यासारख्या बाईवरच पडतो. तेव्हा आखणी दोघांनी मिळून करावी आणि ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर यजमानांच्याच हस्ताक्षरात असावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. ऋतूंप्रमाणे बेत आखावेत हे मला पटते, पण आता ऋतूच बेभरवशाचे झाले आहेत. मार्चमध्ये गारपीट होते आणि जून कोरडा जातो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायचे ठरवून ठेवले होते, तेही पावसाने हुकले. मग विसंबायचे कशावर?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तारखेवर विसंबू नये, खुणेवर विसंबावे. मृग नक्षत्र 7 जूनच्या आसपास लागते, परंतु नक्षत्र लागले म्हणून जाणता शेतकरी तिफण धरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरेपर्यंत पेरणी करू नये, असा कृषी विभागाचाही सल्ला असतो. बेत आखताना महिना ठरवावा, दिवस मोकळा ठेवावा, आणि कोणती खूण दिसली की निघायचे तेवढे आधी नक्की करावे. फेरीचे म्हणाल, तर तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला लोटणारी गर्दी पाहता तुमच्या वयाला दुसरा एखादा सोमवार अधिक सोयीचा आहे. आदल्या दिवशी घाटमाथ्यासाठी हवामान खात्याचा इशारा नसेल आणि सकाळी ब्रह्मगिरीचा माथा ढगांतून मोकळा दिसत असेल, तर खुशाल निघावे. वाट निसरडी असते, म्हणून काठी आणि एखादा सोबती बरोबर असू द्यावा.