फ्रेशर दीड-दोन वर्षांत सोडून जातात, बॉन्ड घ्यावा का?

पुण्यातली ४० जणांची सॉफ्टवेअर कंपनी, कॉलेजातून घेतलेली मुलं दीड-दोन वर्षांत निघून जातात, म्हणून बॉन्ड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरलेली रक्कम भरायची, असा लेखी करार) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: बॉन्डच्या नादी लागू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार बॉन्डवरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं तर साफ चूक.

आधी पगाराचा तक्ता उघडा. ४ लाखांवर आलेला मुलगा दरवर्षी १० टक्के वाढीने दोन वर्षांनी ४.८४ लाखांवर पोचतो. त्याच कामाला, तेवढ्याच अनुभवाचा माणूस तुम्ही बाहेरून ६ लाखांना आणता, आणि जुन्यानेच त्याला काम शिकवायचं! हे आकडे टीममध्ये कळतातच. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येकासमोर लिहा: हाच आज इंटरव्ह्यूला आला असता तर किती दिले असते? फरक १५ टक्क्यांवर गेला की अप्रेझलची वाट न बघता दुरुस्त करा. फ्रेशरच्या पॅकेजमध्ये व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा पगाराचा भाग) घालूच नका, त्याला हातात किती येतात तेच महत्त्वाचं.

पगार ठीक असूनही मुलं जातात ती कामामुळे. वर्षभर मॅन्युअल टेस्टिंग आणि सपोर्टची तिकिटं केली की रेझ्युमेत लिहायला काही उरत नाही, आणि ही भीती खरी असते. पहिल्या दोन आठवड्यांत एका छोट्या बगची दुरुस्ती त्याच्या हातून लाइव्ह जाऊ द्या, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक स्वतंत्र भाग, त्याच्या नावावर करा. सपोर्ट सगळ्यांनी पाळीने, सीनियरनीसुद्धा. पुल रिक्वेस्ट (लिहिलेला कोड तपासून मुख्य कोडमध्ये घ्या, ही विनंती) एका दिवसात बघितली गेलीच पाहिजे. चार दिवस पडून राहते आणि मग नुसतं ‘चेंज धिस’ येतं, तिथे मुलगा मनाने सुटतो. ‘या लूपमध्ये दर वेळी डेटाबेसला क्वेरी जाते, बाहेर काढ’ एवढं लिहायला सीनियरला एक मिनिट पुरतं.

काउंटर ऑफर, म्हणजे राजीनामा दिल्यावर थांबवायला वाढवून दिलेला पगार, शक्यतो देऊ नका; बाकीच्यांना ‘राजीनामा दिला की पगार वाढतो’ एवढंच दिसतं. आणि फ्रेशरचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ३० वर आणा. ९० दिवस थांबायला नवी कंपनी तयार नसते, म्हणून मुलं हातात ऑफर नसतानाच राजीनामा टाकतात, नोटीसमध्ये दोन-तीन ऑफर गोळा करतात आणि मग थांबवून थांबत नाहीत.