बळदातला आवाज

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

आजोळी आलेल्या तीन भावंडांची तुझी कथा दोनदा वाचली. मुलांचे बोलणे तुला छान साधले आहे. परंतु बळदात, म्हणजे घरातच बांधलेल्या धान्याच्या कोठारात, सोन्याचा हंडा सापडतो आणि चोर त्यामागे लागतात, तिथून ती कथा आपल्या भागाची उरत नाही. हंडा काढून टाक, बळद मात्र ठेव.

मी आठ वर्षांचा असताना बळदाच्या तळाची ज्वारी उपसण्यासाठी आजीने कमरेला दोर बांधून मला आत सोडले होते, कारण त्या तोंडातून मोठे माणूस जात नसे. आत वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास कोंडला होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली ताई वर कंदील धरून उभी होती आणि प्रत्येक पायलीचा आकडा मी मोठ्याने म्हणावा, असा तिचा हट्ट होता. सातव्या पायलीला धुळीने मला खोकल्याची उबळ आली आणि आकडा थांबला, तेव्हा तिने मारलेली हाक मला आजही ऐकू येते. तुझ्या तीन भावंडांमध्ये अशी हाक कोण कोणाला मारील, याचा शोध घे. कथा तिथे आहे.

थोरला पेवात उडी घेतो, तो प्रसंग मात्र मला मान्य नाही. जमिनीखालच्या पेवात कोंडलेले धान्य श्वसन करून प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत, मग कंदील खाली सोडून पाहत आणि ज्योत विझली तर उतरत नसत. हे आजोबांच्या तोंडी उपदेश म्हणून घालू नकोस. खाली जाणारी ज्योत विझताना मुलांना दिसू दे आणि त्या क्षणी धाकटा दादाचा सदरा घट्ट धरू दे.

आणखी एक. तुझे गाव किल्लारीजवळ आहे, मुले माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपतात आणि त्यांच्या हाती मोबाइल आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे तिथल्या झोपलेल्या माणसांवरच कोसळली आणि पुढे कित्येक गावे नव्या जागी वसली. तेव्हा एक तर गाव परभणीकडे ने, म्हणजे वालूरची चक्राकार पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारवही मुलांना भेटेल, किंवा काळ त्या पहाटेच्या मागे ने. मी दुसरे सुचवीन, मोबाइल गेला तरी चालेल.

नव्याने लिहिण्यापूर्वी तुझ्या आजीजवळ बसून विचार, की त्यांच्या बळदात शेवटचे कोण उतरले होते आणि दोर कोणी धरला होता.

तुझे सर