नर्सिंग होममध्ये आईची बेल तिच्या हाताशी राहत नाही. तक्रार करावी का?

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये असलेल्या तुमच्या आईंची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली आहे, भेटीला गेल्यावर कर्मचाऱ्यांना बोलावण्याची त्यांची बेल भलतीकडेच सापडते आणि विचारले की ‘बेडवरच तर आहे’ असे उत्तर मिळते, असे तुम्ही लिहिले आहे. मी तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे. माझ्या मते तक्रार जरूर करावी, पण ती मोघम नसावी.

बेल बेडवर आहे की नाही यापेक्षा ती आईंच्या चालत्या हाताला लागते का, हे पाहायला हवे. चादर बदलताना वायर बाजूला केली जाते आणि परत लावायची राहून जाते. कठड्याला गुंडाळलेली असली तर कठडा खाली घेताच बटण गादीखाली लोंबकळते. सर्वाधिक हयगय मात्र व्हीलचेअरवर बसवताना होते: माणूस खिडकीपाशी आणि बेल उशीपाशी. अशा वेळी लघवीची घाई झाली की माणूस स्वतःच उठायला जातो आणि पडतो. म्हणून बेल डावीकडेच, उशीला किंवा कपड्याला क्लिपने लावलेली असावी आणि आईंना ती एकदा दाबायला सांगून दाराबाहेरचा दिवा लागतो का, हे तुम्ही स्वतः पाहावे. बोटांत जोर नसेल तर हलक्या स्पर्शाने चालणारे चपटे पॅड मागावे. (ज्यांना बेल दाबायचे भानच राहत नाही, त्यांच्याकडे मात्र वरचेवर फेरी मारण्याला पर्याय नाही.)

बेडजवळून, तसेच शौचालयातून आणि स्नानगृहातून कर्मचाऱ्यांना बोलावता आले पाहिजे, अशी अट केंद्रीय नियमावलीच्या ४८३.९० या कलमात आहे. शौचालयातली दोरी जमिनीवर पडलेल्या माणसाच्याही हाताला लागावी, अशी अपेक्षा असते. ती आखूड असेल किंवा आधाराच्या दांड्याला गुंडाळून ठेवली असेल, तर तेही तक्रारीत लिहावे.

‘बेल डाव्या हाताशी, खुर्चीत बसल्यावरही’ हे वाक्य आईंच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे देखभालीच्या लेखी आराखड्यात, लिहून घेण्याचा आग्रह धरा, कारण तोंडी सूचना पाळी बदलली की विरून जाते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर भेट दिल्याची तारीख, वेळ आणि बेल कुठे सापडली याची नोंद घेऊन राज्याच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या तक्रारींची दखल घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. त्यांचा संपर्क क्रमांक इमारतीत दर्शनी जागी लावलेला असतो.